गंधकाचे पाणी

डिस्टिलरीत नोकरीला लागलो त्याच्या दुसऱ्याच आठवड्यात माझ्या बोटातली चांदीची अंगठी काळी पडली. आजीने दिलेली अंगठी. घरी नेऊन चिंचेने घासली, लख्ख झाली आणि चार दिवसांत पुन्हा तव्याच्या बुडासारखी. गॅस प्लँटवर एक जुने ऑपरेटर होते, सगळे त्यांना तात्या म्हणत. त्यांनी माझ्या बोटाकडे एकदा पाहिले आणि म्हणाले, "साहेब, अंगठी घरात ठेवा. आन् एक ध्यानात धरा. वास येतोय तवर भ्यायचं कारण न्हाई. वास यायचा बंद झाला, की पळायचं."

मला तेव्हा ती थट्टा वाटली होती. अंगठी काळी करणाऱ्या हायड्रोजन सल्फाइडचा सडक्या अंड्यासारखा वास नाकाला फार लवकर कळतो. हवेच्या अब्ज भागांत त्याचे मोजके काही भाग असले तरी पुरे. पण त्याचे प्रमाण दर दशलक्ष भागांत शंभराच्या पुढे गेले की वास घेणारी नसच बधिर होते आणि काहीशे भागांवर माणूस कोसळतो. गटारात उतरलेल्या सफाई कामगारांच्या मृत्यूच्या बातम्या आपण वाचतो, त्यांत बहुतेक वेळा हाच वायू असतो. तात्यांचे ते वाक्य मला पुढे कुठल्याही सुरक्षा-पुस्तिकेपेक्षा जास्त उपयोगी पडले.

हे पुस्तक त्या वायूविषयी आहे, तो ज्या पाण्यात विरघळलेला असतो त्या पाण्याविषयी आहे आणि त्या पाण्यात वीज सोडली तर एका पट्टीवर गंधक व दुसरीवर हायड्रोजन कसा मिळतो याविषयी आहे. 'गंधकाचे पाणी' म्हटले की आपल्याकडे वज्रेश्वरी-गणेशपुरीची कुंडे आठवतात. तिथे लोक भक्तिभावाने अंघोळ करतात. मी ज्या पाण्याबद्दल लिहितो आहे त्यात पाय बुडवायलाही कोणी जाणार नाही.

आमच्याकडे हा वायू यायचा कुठून? साखर कारखान्यात उसाचा रस निवळायला चुना घालतात आणि गंधक जाळून त्याचा धूर रसातून सोडतात. त्यातला बराचसा गंधक प्रेसमडबरोबर बाहेर पडतो, काही सल्फेट होऊन मळीत उतरतो. उसाच्या स्वतःच्या अंगचे सल्फेट असतेच. मळी डिस्टिलरीत आली की आंबवताना सामू उतरवण्यासाठी वर गंधकाम्लही घालण्याची पद्धत. मद्यार्क निघून गेला की मागे राहतो तो काळाभोर स्पेंटवॉश, लिटरभर मद्यार्कामागे आठ ते पंधरा लिटर. वर्तमानपत्रात 'नदीत मळीमिश्रित पाणी, मासे मृत' अशी बातमी येते, ती याचीच. हा स्पेंटवॉश बंद टाकीत कुजवून मिथेन वायू काढतात. त्या टाकीत हवा नसते. तिथले काही जीवाणू प्राणवायूऐवजी सल्फेटवर श्वास घेतात आणि उच्छ्वास म्हणून हायड्रोजन सल्फाइड सोडतात. बाहेर येणाऱ्या बायोगॅसमध्ये तो दोन-चार टक्के सहज असतो. गॅस इंजिनला तो काहीशे पीपीएमच्या (दर दशलक्ष भागांत इतक्या भागांच्या) वर चालत नाही. तीन टक्के म्हणजे तीस हजार पीपीएम.

म्हणून स्क्रबर. उंच मनोऱ्यातून कॉस्टिक सोड्याचे पाणी खाली पडते, गॅस खालून वर जातो, वाटेत कॉस्टिक सल्फाइड पकडते. मी जिथे होतो तिथे त्यानंतर काय व्हायचे ते सांगायला आजही ओशाळवाणे वाटते. सल्फाइडने भरलेले ते पिवळट कॉस्टिक एका पाइपने परत स्पेंटवॉशच्या तलावात सोडलेले होते. तलावातून ते टाकीत, टाकीत जीवाणूंच्या संगतीत आणि तिथून गॅस होऊन पुन्हा आमच्याच स्क्रबरमध्ये. आम्ही पगार घेऊन गंधकाला गोल फिरवत होतो. दर आठवड्याला कॉस्टिकचा नवा टँकर यायचा आणि वहीत 'स्क्रबर समाधानकारक' अशी नोंद व्हायची.

आता त्या वायूच्या नावाकडे पाहू. हायड्रोजन सल्फाइड. नावातच हायड्रोजन आहे. सतरा किलो हायड्रोजन सल्फाइडमध्ये एक किलो हायड्रोजन आणि सोळा किलो गंधक असतो. पाणी आणि हा वायू ही एकाच घरातली भावंडे. एकात हायड्रोजनने प्राणवायूचा हात धरलेला, दुसऱ्यात गंधकाचा. प्राणवायूची पकड घट्ट आहे, गंधकाची सैल. पाण्यातून हायड्रोजन काढण्यासाठी आपल्या सरकारने ४ जानेवारी २०२३ रोजी १९,७४४ कोटी रुपयांचे राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियान मंजूर केले. २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन हे त्याचे लक्ष्य. ते व्हावेच. पण ज्याची पकड सैल आहे त्याच्यातला हायड्रोजन आपण रोज जाळतो किंवा तलावात ओततो, हे मला कधी पचले नाही.

पकड किती सैल, ते व्होल्टमध्ये मोजता येते. थोडे आकडे येतील, पण गणित किराणा मालाच्या हिशोबाइतकेच आहे. पाण्यात दोन पट्ट्या बुडवून वीज सोडली की ऋणाग्रावर हायड्रोजन आणि धनाग्रावर प्राणवायू निघतो. निसर्गनियमाप्रमाणे याला किमान १.२३ व्होल्ट लागतात. प्रत्यक्ष कारखान्यात १.८ ते २ लागतात, आणि हा वाढीव खर्च बराचसा धनाग्रावर होतो. प्राणवायूचा एक रेणू बनायचा म्हणजे चार इलेक्ट्रॉन एकामागून एक काढायचे, मध्ये तीन-चार अवघड टप्पे. हायड्रोजनचे काम बिचारे दोन इलेक्ट्रॉनात आटोपते. म्हणजे आपल्याला हवा असतो हायड्रोजन, आणि विजेचे बिल भरतो प्राणवायूचे, जो आपण हवेत सोडून देतो.

त्याच धनाग्राला प्राणवायूऐवजी सल्फाइड दिले तर? अल्कधर्मी पाण्यात प्राणवायू सुटायला ०.४० व्होल्टची पातळी लागते, सल्फाइडचा गंधक व्हायला उणे ०.४८. फरक ०.८८ व्होल्ट. हे सारे पुस्तक त्या ०.८८ व्होल्टवर उभे आहे. हायड्रोजनची बाजू उणे ०.८३ वर तशीच राहते, त्यामुळे किमान गरज १.२३ वरून ०.३५ वर येते. कुठल्याही विद्युत-अपघटन यंत्रात किलोभर हायड्रोजनला लागणारी वीज काढायची असेल तर व्होल्टला २६.६ ने गुणावे, उत्तर युनिटमध्ये येते. हा आकडा वाचकांनी वहीच्या मलपृष्ठावर लिहून ठेवावा, पुढे प्रत्येक प्रकरणात लागेल. पाण्याचे यंत्र १.९ व्होल्टवर चालले तर किलोमागे साधारण ५० युनिट. सल्फाइडचे यंत्र ०.९ वर चालवता आले तर २४.

एका व्याख्यानानंतर एका विद्यार्थ्याने मला अडवले होते. किलोभर हायड्रोजन जाळला की ३३ युनिट उष्णता मिळते, तुम्ही तो २४ युनिटात काढता, मग त्याची वीज करून तीच यंत्राला परत द्यावी, झाले की फुकट! प्रश्न चांगला होता, कारण त्याने आकडे नीट ऐकले होते. फुकट काही नाही. सल्फाइड हे स्वतःच इंधन आहे, वरची भर त्याची असते. शिवाय हायड्रोजनची परत वीज करताना निम्म्याच्या आसपास उष्णता वाया जाते, त्यामुळे हाती सतरा-अठरा युनिटच येतात. पण त्याच्या प्रश्नाने एक गोष्ट सगळ्या वर्गाला कळली: घाण म्हणून जे फेकतो त्यात ऊर्जा आहे.

हे जगाला कळले नव्हते असे नाही. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये लेब्लांकच्या पद्धतीने सोडा करणाऱ्या कारखान्यांबाहेर कॅल्शियम सल्फाइडचे ढीग साचत. पाऊस पडला की आसपासच्या गावांत सडक्या अंड्यांचा वास. त्या ढिगांतला गंधक परत मिळवण्यासाठी कार्ल फ्रीड्रिश क्लॉस या लंडनवासी जर्मन रसायनज्ञाने १८८३ साली एका पद्धतीचे पेटंट घेतले. आज जगातल्या जवळजवळ प्रत्येक तेलशुद्धीकरण कारखान्यात तिचे सुधारलेले रूप चालते. एक तृतीयांश वायू भट्टीत जाळायचा, त्यातून आलेल्या सल्फर डायॉक्साइडची उरलेल्या वायूशी गाठ घालायची. गंधक खाली बसतो आणि हायड्रोजनचे पाणी होते.

त्या शेवटच्या चार शब्दांवर क्षणभर थांबायला हवे. माहुलच्या रिफायनऱ्यांचे उदाहरण घ्या. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-सहा इंधन लागू झाले. पेट्रोल-डिझेलमधला गंधक दर दशलक्ष भागांत ५० वरून १० वर आणायचा. तो काढतात हायड्रोजनने. तो हायड्रोजन बनवतात मुख्यत्वे नैसर्गिक वायूपासून, किलोमागे नऊ-दहा किलो कार्बन डायॉक्साइड हवेत सोडून. हा महागाचा हायड्रोजन डिझेलमधल्या गंधकाला चिकटतो, हायड्रोजन सल्फाइड होऊन बाहेर येतो, क्लॉसच्या भट्टीत जातो आणि तिथे त्याचे पाणी होते. इतक्यावर भागत नाही. भट्टीतून सुटलेला शेवटचा गंधक पकडायला मागे आणखी एक विभाग असतो, आणि त्यात पुन्हा हायड्रोजनच घालावा लागतो.

क्लॉसला नावे ठेवण्यात मात्र अर्थ नाही. त्याची पद्धत वीज मागत नाही, उलट वाफ देते आणि वर्षानुवर्षे बिनतक्रार चालते. तिला लागतो भरपूर आणि दाट वायू. तालुक्याच्या डिस्टिलरीत, चर्मोद्योगाच्या वसाहतीत, रिफायनरीतल्याच वापरलेल्या कॉस्टिकच्या टाकीत असा दाट वायू नसतो. तिथे सल्फाइड पाण्यात विरघळलेले असते. या पुस्तकाची जागा तिथे आहे.

मग अडले कुठे? १९९० साली टेक्सास ए अँड एम विद्यापीठातल्या मंडळींनी अल्कधर्मी द्रावणात हायड्रोजन सल्फाइडचे विद्युत-अपघटन करून हायड्रोजन व गंधक मिळवल्याचे सविस्तर छापले. जपानी संशोधकांनी त्याच सुमारास लोखंडाच्या क्षारांना मध्ये घालून दुसरी वाट काढली. तरीही बाजारात हे यंत्र सहज मिळत नाही. याचे उत्तर मी एका काचेच्या चंचुपात्रात पाहिले आहे, आणि ते सांगितल्याशिवाय पुढचे काही समजणार नाही.

सोडियम सल्फाइडच्या लालसर-पिवळ्या चकत्या बाजारात पोत्याने मिळतात. मूठभर घेऊन पाण्यात विरघळवल्या, थोडे कॉस्टिक घातले. फ्यूम हूडखाली दोन निकेलच्या पट्ट्या बुडवल्या आणि एका व्होल्टच्या आसपास वीज दिली. ऋणाग्रावर लगेच बारीक बुडबुड्यांची साय धरली: हायड्रोजन. धनाग्रावर बुडबुडा एकही नाही. तिथून एक पिवळा धागा निघाला आणि सरबतात घातलेल्या केशरासारखा सावकाश खाली उतरू लागला. पंधरा मिनिटांत पात्राचा तळ नारिंगी झाला. सुटणारा गंधक उरलेल्या सल्फाइडमध्ये विरघळून त्याचे पॉलिसल्फाइड बनत होते. अँपिअर मीटरचा काटा जागचा हलला नव्हता.

मग मी त्याच द्रावणात खाण्याचा सोडा मिसळला. सामू उतरला. काही मिनिटांत धनाग्राची चकाकी गेली, त्यावर फिकट पिवळी साल चढली आणि काटा माझ्या डोळ्यांदेखत खाली आला. पट्टी काढून नखाने खरवडली, तर नखाखाली गंधक. गंधक विजेचा इतका वाईट वाहक आहे की केसाइतका थर चढला तरी पट्टी असून नसल्यासारखी. जे हवे तेच तयार झाले होते आणि त्यानेच काम बंद पाडले होते.

शाळेत उत्प्रेरकाला विरजणाची उपमा देतात. मला ती कधी पटली नाही, कारण विरजण स्वतःच दही होऊन जाते. मला त्यापेक्षा तवा जवळचा वाटतो. भाकरी टाकली की तव्याने तिला क्षणभर धरले पाहिजे, नाहीतर ती नीट भाजत नाही. उलथताना मात्र सोडले पाहिजे. तव्याला भाकरी धरली तर ती करपतेच आणि पुढच्या भाकरीलाही जागा राहत नाही. रसायनशास्त्रात हे तत्त्व पॉल साबातिए या फ्रेंच रसायनज्ञाच्या नावाने ओळखतात. १९१२ चे नोबेल त्याला मिळाले ते बारीक निकेलवर सेंद्रिय रेणूंना हायड्रोजन जोडण्याच्या कामासाठी. त्याच निकेलला गंधक हे जुने विष. प्लॅटिनमचेही तेच, गंधक एकदा बसला की उठायचे नाव घेत नाही. म्हणजे हायड्रोजनच्या कामात जे धातू पहिल्या पंक्तीत बसतात, त्यांनाच हे पाणी मानवत नाही.

यावर संशोधकांनी दोन वाटा काढल्या. पहिली मला गावरान शहाणपणाची वाटते: धातूला गंधक लागणारच असेल तर आधीच लागू द्या. निकेल, कोबाल्ट, तांबे यांची सल्फाइडे मुद्दाम बनवून ती निकेलच्या स्पंजासारख्या फोमवर वाढवतात. जो पदार्थ आधीच गंधकाने तृप्त आहे, तो नव्या गंधकाला घट्ट धरत नाही. ही धातूंची सल्फाइडे वीजही बऱ्यापैकी वाहून नेतात. शिवाय स्वस्त. आपल्यासारख्यांनी या वाटेकडे जास्त लक्ष द्यावे, असे माझे मत आहे.

दुसरी वाट चिलखताची. चीनमधल्या डालियनच्या रासायनिक भौतिकी संस्थेतल्या गटाने कोबाल्ट-निकेलच्या सूक्ष्म कणांवर नायट्रोजन मिसळलेल्या ग्राफीनचे कवच चढवले आणि २०२० साली त्याचे निकाल छापले. गंधक कवचावर बसतो, आतल्या धातूला शिवू शकत नाही. पण कवच इतके पातळ की आतल्या धातूचा विद्युत-प्रभाव बाहेर जाणवतो. हे उत्प्रेरक त्यांनी पाचशेहून अधिक तास चालवून दाखवले.

पाचशे तास. शोधनिबंधांच्या जगात हा आकडा मोठा आहे, कित्येक निबंध शंभरावर थांबतात. आपल्या कारखान्याच्या भाषेत तो किती? एकवीस दिवस. गळीत हंगाम चार-पाच महिन्यांचा, डिस्टिलरी त्याहून जास्त चालते. हंगामाच्या मध्यात धनाग्रे बदलायला यंत्र उघडावे लागले तर कुठलाही चीफ केमिस्ट ते दुसऱ्यांदा बंद करणार नाही, भंगारात काढेल. म्हणून या पुस्तकात उत्प्रेरकांची तुलना करताना मी मिलिव्होल्टला दुसरा मान दिला आहे. पहिला प्रश्न तासांचा, आणि तो कुठल्या पाण्यात हा त्याला जोडूनच. बहुतेक निबंधांतले पाणी म्हणजे शुद्ध कॉस्टिकमध्ये तोलून टाकलेले सोडियम सल्फाइड. तसे पाणी मी नोकरीत एकदाही पाहिले नाही.

खऱ्या पाण्यात काय असते? बायोगॅसपासूनच सुरुवात करू. त्यात तीन टक्के हायड्रोजन सल्फाइड, तर पस्तीस-चाळीस टक्के कार्बन डायॉक्साइड. तोही आम्लधर्मी. तो कॉस्टिक खातो, त्याचा कार्बोनेट आणि पुढे बायकार्बोनेट होतो आणि सामू घसरतो. माझ्या चंचुपात्रातला खाण्याचा सोडा म्हणजे हाच. प्रयोगशाळेत केशरी धागा दाखवणारे यंत्र डिस्टिलरीत आणले की पिवळी साल दाखवते, त्यामागे बहुतेक वेळा हे कारण असते. उपाय आहेत. हायड्रोजन सल्फाइड कॉस्टिकमध्ये कार्बन डायॉक्साइडपेक्षा झटपट शोषला जातो, म्हणून गॅस आणि द्रावणाची गाठ क्षणभराचीच ठेवायची. सालीवर उपाय म्हणून अधूनमधून विजेची दिशा उलटवतात, म्हणजे साल परत विरघळते. यांतला प्रत्येक उपाय थोडा हायड्रोजन किंवा थोडी वीज मागतो. त्यांचा तपशील चौथ्या प्रकरणात आहे.

आता हिशोब. दिवसाला दहा हजार घनमीटर बायोगॅस देणारी डिस्टिलरी धरा, त्यात तीन टक्के हायड्रोजन सल्फाइड. म्हणजे तीनशे घनमीटर, वजनात सव्वाचारशे किलो. त्यातून चारशे किलो गंधक आणि पंचवीस किलो हायड्रोजन. पंचवीस किलो हायड्रोजन जाळून मिळणारी उष्णता त्याच बायोगॅसमधल्या मिथेनच्या तुलनेत दीड टक्का आहे.

हा आकडा पहिल्यांदा काढला तेव्हा मी वही मिटली होती. या पंचवीस किलोंवर देशाचे ऊर्जाधोरण चालणार नाही, आणि तसे कोणी भाषणात सांगू लागले तर वाचकांनी खुशाल उठून जावे. पण दुसऱ्या दिवशी त्याच वहीत दुसरा रकाना मांडला, कॉस्टिकचा. चारशे किलो गंधक पूर्ण सल्फाइड रूपात धरायचा तर टनभर कॉस्टिक लागते, अर्ध्या वाटेवर धरला तर अर्धा टन. रोज. या यंत्रात दोन पट्ट्यांच्या मध्ये एक पडदा असतो, त्यातून सोडियम पलीकडे जातो आणि ऋणाग्राच्या बाजूला हायड्रोजनबरोबरच ताजे कॉस्टिक तयार होते. ते पंपाने परत स्क्रबरवर चढवायचे. मला जो टँकर दर आठवड्याला दारात दिसे, तो येणे जवळजवळ थांबते. यंत्राला दिवसाकाठी सहाशे युनिट वीज लागेल. वाचकांनी आपल्या कारखान्याचा विजेचा आणि कॉस्टिकचा दर घालून पाहावे, उत्तर कुठल्या बाजूला झुकते ते कळेल.

चारशे किलो गंधक उरतोच. पॉलिसल्फाइडच्या द्रावणात आम्ल घातले की तो पिवळ्या गाळासारखा खाली बसतो. साखर कारखान्याला रस निवळायला गंधक लागतो आणि तो पोत्यांनी विकत आणतात. कुंपणाच्या एका बाजूने विकत घ्यायचा आणि दुसऱ्या बाजूने दुर्गंधी म्हणून सोडायचा, असा हा एकच गंधक आहे.

चर्मोद्योगाचा हिशोब वेगळा पडतो. कानपूरचे जाजमऊ, तमिळनाडूतले आंबूर, राणीपेट इथल्या टॅनरींत कातड्यावरचे केस काढायला चुना आणि सोडियम सल्फाइड वापरतात. त्या पाण्यात लिटरमागे दोन ग्रॅम सल्फाइड धरले तर घनमीटरमागे फार तर सव्वाशे ग्रॅम हायड्रोजन. तिथे हायड्रोजनचे नाव काढू नये. तिथे प्रश्न जिवाचा असतो: हे पाणी चुकून क्रोमच्या आम्लधर्मी पाण्याला मिळाले की वायू उसळतो. आज तिथे मँगनीज सल्फेट टाकून तासन् तास हवा मारतात, तेही एक उत्प्रेरणच. विजेने तेच काम घनमीटरमागे तीनेक युनिटात होऊ शकते, पण विरघळलेले केस, प्रथिने आणि चुना पडद्याची छिद्रे बुजवतात. ते प्रकरण मी सर्वांत लहान ठेवले आहे, कारण तिथे ठामपणे सांगण्याजोगे अजून थोडेच आहे.

एका मोहाबद्दल सावध करायला हवे. व्होल्ट थोडे वाढवले तर सल्फाइड गंधकावर न थांबता पुढे सल्फेटपर्यंत जाते. दोनऐवजी आठ इलेक्ट्रॉन सुटतात, म्हणजे तेवढ्याच सल्फाइडमागे चौपट हायड्रोजन. कागदावर फार देखणे दिसते. पाणीही स्वच्छ, बिनवासाचे. पण ते सल्फेट पुढे हवा नसलेल्या एखाद्या टाकीत किंवा गटारात गेले की तेच जीवाणू त्याचे पुन्हा सल्फाइड करतात. मी ज्या कारखान्यात गंधकाला गोल फिरवत होतो, तिथला तो गोल फक्त मोठा होतो. गंधक घन रूपात बाहेर काढला तरच तो खऱ्या अर्थाने बाहेर पडतो. यंत्र विकणारा तुम्हाला 'सल्फाइड शून्य' असा अहवाल दाखवील, तेव्हा सल्फेट किती वाढले तेही विचारा.

भाषेबद्दल थोडे. सामू, उत्प्रेरक, धनाग्र, ऋणाग्र हे शब्द पाठ्यपुस्तकांतून रुळलेले आहेत, ते घेतले. स्क्रबर, कॉस्टिक, स्पेंटवॉश हे कारखान्यात ज्या नावाने हाक मारतात त्याच नावाने आले आहेत. त्यांना 'प्रक्षालक' वगैरे केले असते तर तात्यांनी पुस्तक बाजूला ठेवले असते.

पुस्तक कोणासाठी? संशोधन करणाऱ्या मुलांसाठी आहेच, पण माझ्या डोळ्यांसमोर प्रामुख्याने कारखान्याच्या सांडपाणी शुद्धीकरण केंद्रावर (ईटीपीवर) रात्रपाळी करणारा केमिस्ट आहे. त्याच्याकडे या विषयातली एक गोष्ट आहे जी मोठ्या प्रयोगशाळांकडे नाही: खरे पाणी. सांडपाणी नदीनाल्यात सोडायचे तर सल्फाइड लिटरमागे दोन मिलिग्रॅमच्या आत हवे असा आपला नियम आहे. त्यामुळे प्रत्येक कारखाना ते मोजतो, आणि तो अंतिम पाण्यात मोजतो. मधल्या टप्प्यांवर, म्हणजे स्क्रबरच्या बुडाशी, टाकीच्या तोंडाशी, तलावाच्या तळाशी किती आहे, हे क्वचितच कोणी नोंदवते. या यंत्रांची मांडणी करायची तर नेमके तेच आकडे लागतात.

माझी विनंती एवढीच की ते मोजा आणि सामूसकट लिहून ठेवा. नमुना घेताना बाटलीत आधी झिंक ॲसिटेट आणि थोडे कॉस्टिक घाला, बाटली काठोकाठ भरा, वर हवेचा बुडबुडा राहू देऊ नका, झाकण लावून हलवा. तसे केले नाही तर प्रयोगशाळेत पोचेपर्यंत त्यातले सल्फाइड बरेचसे उडून गेलेले असते आणि अहवालात आकडा येतो तो उरल्यासुरल्याचा.